काठ घाण कोण करतंय, हे आधी मोजा

पत्र थोडक्यात: छंद म्हणून गळाने मासे पकडणारे एक वाचक लिहितात की, सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचे तीन सोबती एका तलावावर बसतात. तलावाला वरून एक ओढा येऊन मिळतो. गेल्या काही वर्षांत काठाची पार रया गेली आहे. बाटल्या, वेष्टनं, सिगारेटची थोटकं आणि हल्ली तर चपला नि थर्माकोलसुद्धा. त्यांच्या मते हे सगळं सहलीला येणाऱ्यांचं काम. पण त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ सोबती, ज्यांना ते काका म्हणतात आणि ज्यांनी त्यांना गळ बांधायला शिकवलं, तेही तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि आमिषाची पाकिटं तिथेच टाकून उठतात. तलावाच्या राखणदाराने बजावलंय की असंच चाललं तर गळवाल्यांना बंदी. वाचक काही महिन्यांपासून निघताना गुपचूप पिशवीभर कचरा उचलतात. पुढच्या खेपेला तितकाच पडलेला असतो. काकांना तोंडावर बोलू, फोटो काढून गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकू, की हा तलावच सोडू, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. घाण करतात ते सहलवाले, ही एक. काका तंगूस काठावरच टाकतात, ही दुसरी. आता या दोन्हींचा मेळ कसा बसायचा? तुम्ही ढोंगी आहात असं मला अजिबात म्हणायचं नाही. परक्याचा कचरा डोळ्यांत खुपतो, आपल्या माणसाचा तितका खुपत नाही, हे सगळ्यांचंच आहे. पण तुम्ही सुचवलेले तिन्ही मार्ग या न तपासलेल्या समजावर उभे आहेत. म्हणून काकांशी बोलण्याआधी एक कंटाळवाणं काम सांगतो. उचललेला कचरा मोजा.

पिशवीचं तोंड बांधण्याआधी पाच मिनिटं काढा आणि तीन ढीग करा. पहिल्यात फक्त गळवाल्यांचंच असू शकेल असं सामान: तंगूस, गळ, शिशाची वजनं, आमिषाची पाकिटं नि डब्या, तुटके फ्लोट, रबरी किडे. दुसऱ्यात कुणाचंही असू शकेल असं: बाटल्या, वेष्टनं, थोटकं. तिसऱ्यात पाण्याने वाहून आणलेलं. हा तिसरा ढीग ओळखता आला की बरंचसं कोडं सुटतं. काठावर बसून टाकलेली वस्तू बसायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर, गवतात नाहीतर दगडाच्या आडोशाला सापडते. तिचा रंग ताजा असतो, वरची छपाई वाचता येते. वाहून आलेली वस्तू पाण्याच्या रेषेला धरून, काटक्या आणि पाणगवताच्या पट्ट्यात अडकलेली दिसते. उन्हाने विटलेली, कडा झिजलेल्या, आत गाळ भरलेला. तुम्ही चपलांचं लिहिलंय. सहलीला आलेला माणूस एक चप्पल तलावावर टाकून लंगडत घरी जात नाही. चपला आणि थर्माकोल ओढ्यातून येत असणार, असा माझा दाट संशय आहे. तसं निघालं तर त्याचा उगम वरच्या अंगाला कुठल्या तरी उकिरड्यात नाहीतर नाल्यात आहे. तो बंद होत नाही तोवर तुम्ही काकांना कितीही सुधारलंत, तरी थर्माकोल येतच राहणार.

मोजण्याची ही कल्पना काही माझी नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर झालेल्या स्वच्छता मोहिमेत स्वयंसेवकांनी कचरा नुसता उचलला नाही, वस्तूवार लिहूनही ठेवला. तीच पुढे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम झाली. तिच्या नोंदींत वर्षानुवर्षं पहिला नंबर कुणाचा असेल? सिगारेटच्या थोटकांचा. थोटकाचा फिल्टर दिसतो कापसासारखा, पण तो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकचाच. नोंदी नसत्या तर बाटल्या आणि पिशव्यांवरच सगळ्यांचा डोळा राहिला असता.

समजा, तुमच्या मोजणीत गळवाल्यांचा ढीग सगळ्यांत लहान निघाला. तरी हुरळून जाऊ नका. वजनाला तो नगण्य असेल, पण जीव घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

काकांनी सहज टाकलेल्या तंगूसाचं पुढे काय होतं ते बघा. बगळा काठाने चालताना त्याच्या पायात वेढा पडतो. पहिला वेढा सैलच असतो. बगळा पाय झटकतो, तसा तो आवळतो. पुन्हा झटकतो, दुसरा वेढा बसतो. दोरा कातडीत रुततो, खालचं रक्त अडतं, बोटं सुजून काळी पडतात. दोऱ्याचं दुसरं टोक झुडपात अडकलं तर पक्षी तिथेच अडकून उपाशी मरतो. हे सगळं व्हायला हातभर तुकडाही पुरतो. नायलॉनचा तंगूस निसर्गात किती काळ टिकतो याचा अंदाज ६०० वर्षांपर्यंत दिला जातो. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी आपल्या हिशेबात तो कायमचाच. विणलेला दोरा, ज्याला आपण ब्रेड म्हणतो, तो तर त्याच जाडीच्या तंगूसापेक्षा कितीतरी मजबूत. अडकलेल्या जनावराला तो तोडता येणं जवळपास अशक्य.

शिशाचं वजन गाळात बुडालं की विषय संपला, असं बरेच गळवाले धरून चालतात. पाणपक्षी अन्न दळायला पोटात बारीक खडे साठवतात आणि खडे समजून शिशाची बारीक वजनंही गिळतात. ब्रिटनमध्ये अशाच विषबाधेने राजहंस मोठ्या संख्येने मरत होते. १९८७ पासून तिथे गळाच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली आणि त्यानंतर राजहंसांची संख्या सावरत गेली. कथील, टंगस्टन, पोलाद असे पर्याय आहेत. जिथे वजन हमखास अडकून तुटतं तिथे तर भोकाचा साधा दगड बांधला तरी काम भागतं.

आता तुमच्या स्वतःच्या हातून पाण्यात काय राहतं ते बघू, कारण टाकलेला कचरा तेवढा कचरा आणि तुटून राहिलेला नाही, असं काही बगळ्याला कळत नाही. गळ तळाला अडकला की बहुतेक जण काठी वाकवून हिसके देतात. दोरा तुटतो तो रिळाजवळ किंवा मधेच कुठेतरी, आणि वीस-तीस हात तंगूस पाण्यात राहतो. त्याऐवजी बांधणीच अशी ठेवा की गळाकडचा शेवटचा तुकडा मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा असेल. वजनही वेगळ्या, आणखी कमजोर तुकड्यावर टांगा. अडकलं की आधी जागा बदलून, उलट्या बाजूने ढील देऊन सोडवून बघा. नाहीच निघालं तर काठी सरळ त्या दिशेला रोखा, म्हणजे तिच्यावर ताण येत नाही. दोरा एखाद्या दांडक्याला गुंडाळून संथपणे मागे सरका. हाताला कधीच गुंडाळू नका. ब्रेड तर कातडी चिरत जातो. तोंड बाजूला वळवा, कारण सुटलेलं वजन गोळीसारखं परत येतं. असं केलं की तुटतं ते गळाजवळ, आणि पाण्यात राहतो तो फक्त गळ आणि वीतभर दोरा.

झाडात अडकलेला दोरा शक्य तितका उतरवूनच निघा. अंधारात नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडी. गवतातला तंगूस शोधायचा तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, सूर्याकडे तोंड करून बघा. भर दुपारी तो दिसतच नाही, तिरप्या उन्हात मात्र चमकतो. सापडलेला दोरा उघड्या कचराकुंडीत तसाच कोंबू नका. पक्षी आणि कुत्री तो परत ओढून काढतात. झाकणाची एक छोटी बरणी घ्या, झाकणाला चीर पाडा आणि तुकडे त्यातून आत ढकलत जा. ही बरणी गळाच्या पेटीतच राहू द्या. भरली की घरी कात्रीने दोऱ्याचे वीतभरापेक्षा लहान तुकडे करा आणि मग बंद पिशवीतून कचऱ्यात द्या. कुठे तंगूस पुनर्वापरासाठी घेत असतील तर फक्त नायलॉनचा एकपदरी दोरा द्या, ब्रेड आणि गळ त्यात मिसळू नका.

ही बरणी मी मुद्दाम इतकी रंगवून सांगितली, कारण काकांशी बोलायचं ते तिच्यामार्फत.

काकांना तोंडावर बोलू का, असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे एक खटका आहे: तुम्ही चुकलं म्हणणार, ते दुखावणार. पण काका मुद्दाम घाण करतात, हे तरी कशावरून? त्यांनी गळ शिकला तेव्हा दोरा सुताचा किंवा रेशमाचा असेल, निदान त्यांच्या शिकवणाऱ्यांचा तरी असणारच. तो कुजायचा. आमिष पानात नाहीतर कागदात यायचं. सवय त्या काळाची राहिली आणि सामान बदललं, असा साधा मामला असू शकतो. म्हणून "काका, कचरा का टाकता?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच असतं: सगळेच टाकतात. दोन बरण्या करून न्या, एक त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "काका, तुमचे तुटलेले तुकडे यात टाकाल का? मी घरी नेऊन कापून टाकतो. परवा बगळ्याच्या पायात बघवेना इतका गुंता होता." अर्थात तसा बगळा तुम्ही खरंच पाहिला असेल तरच हे वाक्य घाला. चौघांच्या देखत नको, दोघंच सामान मांडत असाल तेव्हा. आणि बोलून झाल्यावर लगेच विषय बदला. म्हाताऱ्या माणसाला ऐकल्याची कबुली द्यायला लावलंत की ते ऐकणार नाहीत.

पहिल्या खेपेला बरणी रिकामीच परत आली तर? येऊ शकते. पुढच्या खेपेला पुन्हा द्या, काही न बोलता. त्यांचं टाकलेलं त्यांच्या देखत उचला, पण सुस्कारे टाकत नव्हे.

यावरून तुमच्या "गुपचूप"कडे येतो. तुम्ही कचरा निघताना उचलता, कुणी बघत नसताना. कष्ट तुमचे सगळे, पण त्याचा असर कुणावर पडत नाही. हेच काम पोहोचल्या पोहोचल्या आणि उघडपणे करा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायकली लावायच्या जागेत प्रत्येक हँडलला जाहिरातीचा कागद अडकवला, जवळ कचराकुंडी नव्हती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलला लटकवला. तीच भिंत रंगाने खरडून ठेवली तेव्हा हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेलं. जागा तीच, कागद तोच. माणूस बघतो की इथे काय चालतं, आणि तसं वागतो. तुम्ही संध्याकाळी साफ केलेला काठ रात्रभर बगळे बघतात. सकाळी साफ केलात तर दिवसभर बसणारी माणसं बघतील. एकट्याने उचलून काही होत नाही, हा तुमचा निष्कर्ष बहुधा वेळ चुकल्यामुळे निघालाय.

फोटो ग्रुपवर टाकायला मात्र माझा सरळ नकार आहे. काका ओळखू आले तर ते तलावावर यायचे थांबतील आणि इतर लोक फक्त फोन समोर असताना नीट वागतील. काका ओळखू आले नाहीत, नुसता घाणीचा फोटो टाकून "बघा आपले लोक काय करतात" असं लिहिलंत, तर त्याहून वाईट. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये अश्मीभूत लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे, पेट्रिफाइड फॉरेस्ट. तिथले तुकडे लोक खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. "आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे इथलं रूप बदललंय" अशा अर्थाची पाटी होती तिथे जवळपास ८ टक्के तुकडे गेले. लाकूड उचलू नका, असं साधं सांगणाऱ्या पाटीपाशी २ टक्क्यांहून कमी. सगळेच करतात, असं सांगितलं की लोकांना जणू परवानाच मिळतो. ग्रुपवर टाकायचंच असेल तर साफ केलेल्या काठाचा फोटो टाका आणि खाली बरणी कशी करायची ते लिहा. सदाचाराची भाषणं तिथे आधीच पुष्कळ असतील.

राखणदाराला तुम्ही शत्रू समजताय, असं पत्रावरून वाटलं. त्याच्या बाजूने बघा. त्याला काठावर फक्त गळवाले सापडतात, कारण सहलवाले तासाभरात उठून जातात आणि ओढ्याला तर तो बंदी घालू शकत नाही. म्हणून तिन्ही ढिगांची मोजणी दर खेपेला एका वहीत लिहून ठेवा, ती इथे कामी येते. पाच-सहा खेपांची नोंद झाली की ती घेऊन त्याच्याकडे जा. वाहून आलेला ढीग मोठा असेल तर त्याला ते दाखवा. ओढ्याच्या तोंडाशी तरंगता अडथळा बांधून कचरा एका जागी अडवता येतो, मग काठभर वेचत फिरावं लागत नाही. बाल्टिमोरच्या बंदरात २०१४ पासून याच तत्त्वावर एक मोठं चाक चालतं: तरंगत्या अडथळ्यांनी कचरा एका ठिकाणी आणायचा आणि प्रवाहाच्या व उन्हाच्या ताकदीवर तो उचलून तराफ्यावर टाकायचा. तुमच्या ओढ्याला इतकं काही नको, पण अडथळा बसवायचा तर परवानगी आणि नियमित सफाई लागते. ती कोण करणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. कचराकुंडीचंही तसंच. ती रोज रिकामी करायला माणूस नसेल तर मागूच नका; भरून वाहणाऱ्या कुंडीभोवती सगळा काठ कचरा टाकायची जागा होऊन बसतो. त्यापेक्षा आणलेलं परत न्यायचं, हा नियम बरा.

साफ करायच्या भरात काही गोष्टी मात्र जागच्या जागी सोडा. पाण्यात पडलेलं झाड, पाणगवत, कुजणारी पानं हा कचरा नाही. पिल्लं तिथेच लपतात आणि मोठे मासेही तिथेच येतात. गळ अडकतो म्हणून लोक ते ओढून काढतात आणि मग मासे गेले कुठे म्हणून हळहळतात. सुया, फुटकी काच, आत काय आहे ते माहीत नसलेले डबे यांना हात लावू नका, राखणदाराला दाखवा. बाकीच्यासाठी जाड हातमोजे आणि चिमटा पुरतो. तंगूसाच्या गुंत्यात गळ असतोच असं समजूनच तो उचला. दोऱ्यात अडकलेला पक्षी दिसला तर डोक्यावर कापड टाकून त्याला शांत करा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना बोलवा. चोचीतून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, मुळापासून कापूही नका. आत गळ कुठे आहे ते शोधायला उपचार करणाऱ्याला तोच दोरा लागतो. उरलेलं आमिष पाण्यात ओतू नका. ढिगाने टाकलेला चारा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, आणि दुसरीकडून आणलेले जिवंत मासे नि किडे सोडले तर नको त्या जाती आणि रोग तलावात शिरतात.

काही बाबतीत थेट तक्रारच करावी लागते: गाडी भरून आणून टाकलेला कचरा, पाण्याला येणारा रसायनाचा वास, पाण्यात सोडून दिलेलं मोठं जाळं. बेवारस जाळं मासे पकडतच राहतं, मेलेले मासे दुसऱ्यांना ओढतात. ते एकट्याने पाण्यात उतरून ओढायला जाऊ नका, जागा नक्की करून कळवा. यात काकांना वाईट वाटेल का, हा प्रश्नच येत नाही.

राहता राहिला तलाव सोडायचा प्रश्न. आत्ता तरी नको. तुम्ही गेलात तर मोजणारा आणि उचलणारा एकमेव माणूस तिथून कमी होईल, आणि दुसऱ्या तलावावरही कुणाचे ना कुणाचे काका असतीलच. एक मोसम बरणी, वही आणि सकाळची सफाई चालवून बघा. त्यानंतरही काका बदलले नाहीत आणि तुमची चिडचिड मासेमारीवर उतरायला लागली, तर त्यांच्याबरोबर जायचे दिवस कमी करा, इतर दिवशी बाकीच्या दोघांना घेऊन जा. राखणदाराला मात्र तुमच्या नोंदी दाखवायला मोसम संपायची वाट बघू नका. बंदीचा निर्णय तो त्याआधीच घेऊन मोकळा होईल.